वाचकांचे प्रश्न : घरी बांधलेला डॅक, त्याची गुणगुण आणि त्याची मोजणी

डिजिटल ध्वनिसंकेताचे ॲनलॉग संकेतात रूपांतर करणारा कन्व्हर्टर, म्हणजे हौशी मंडळींच्या बोलण्यातला ‘डॅक’, घरी बांधण्याविषयी नाशिक शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. जवळपास सारखे असलेले प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांच्या नावांऐवजी फक्त त्यांचा परिसर दिला आहे.

प्रश्न : मी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. सुट्या रेझिस्टरांपासून सोळा बिटांचा आर-टू-आर लॅडर पद्धतीचा, म्हणजे एक किंमत आणि तिची दुप्पट अशा रेझिस्टरांची शिडी असलेला, डॅक बांधण्याचा विचार आहे. या डॅकचा आवाज चिपपेक्षा नैसर्गिक असतो असे ऐकून मी एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म रेझिस्टर आणूनही ठेवले आहेत. हा बेत योग्य आहे का? नसल्यास कोणती चिप घ्यावी? (सातपूर)

उत्तर : लॅडर जरूर बांधावा, परंतु सोळा बिटांचा न बांधता आठ बिटांचा बांधावा, आणि तोही गाणी ऐकण्यासाठी नव्हे, तर डॅक कसा चालतो हे डोळ्यांनी पाहण्यासाठी. सोळा बिटांत ६५,५३६ पायऱ्या असतात आणि सर्वांत वरचा बिट एकटाच त्यांपैकी ३२,७६८ पायऱ्यांचे वजन उचलतो. त्या बिटाच्या रेझिस्टरमध्ये एक टक्क्याची चूक असली, तर ती सुमारे ३२८ पायऱ्यांची होते. ही चूक नेमकी कोठे प्रकट होते, ते अधिक महत्त्वाचे आहे. ध्वनितरंग शून्य ओलांडतो तेव्हा खालचे पंधराही बिट एकदम बंद होतात आणि वरचा बिट एकटा चालू होतो. म्हणजे ही ठेच मोठ्या आवाजाच्या शिखरावर बसत नाही, ती प्रत्येक तरंगाच्या मध्यावर बसते. तानपुऱ्याचा विरत जाणारा झंकार कमाल पातळीच्या साठ डेसिबल खाली आला, की त्याचा तरंग शून्याच्या वर आणि खाली जेमतेम तेहतीस पायऱ्यांचा उरतो. त्याच्या मधोमध तीनशे पायऱ्यांची उडी पडू लागली, तर ऐकू येईल तो तानपुरा नसेल.

एकाच पट्टीतून आलेले रेझिस्टर एकमेकांशी एक टक्क्यापेक्षा पुष्कळ जवळ असतात आणि मल्टिमीटरने निवडून ते आणखी जुळवता येतात, हे खरे आहे. तथापि १९९९ पर्यंत आकडा दाखवणाऱ्या साध्या मीटरला दोन हजारांत एक भागापेक्षा लहान फरक दिसतच नाही, आणि आपल्याला तर पासष्ट हजारांत एक भाग हवा आहे. मोठ्या कंपन्यांनीही हा मार्ग डोळे झाकून धरला नव्हता. १९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हा फिलिप्सने आपल्या प्लेअरमध्ये चौदा बिटांची चिप वापरली. नमुन्यांचा (ध्वनितरंगाच्या दर सेकंदाला घेतलेल्या मोजमापांचा) वेग चौपट करून आणि उरलेली चूक कानाला न जाणवणाऱ्या वारंवारतांकडे ढकलून सोळा बिटांच्या जवळची कामगिरी त्यांनी मिळवली. पुढे त्याच कंपनीच्या टीडीए १५४१ या सोळा बिटांच्या चिपमध्येही प्रवाहाचे भाग सतत आलटून-पालटून वापरून त्यांच्यातला फरक सरासरीत मुरवण्याची युक्ती होती. ही जुनी चिप आज ऑनलाइन मागवणाऱ्यांनी जपून असावे, कारण वरची अक्षरे घासून नवी छापलेले नग त्या बाजारात सर्रास फिरतात.

पहिल्या बांधणीसाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम ५१०२ए ही चिप बसवलेले तयार मॉड्यूल घ्यावे. त्याला वेगळे मास्टर क्लॉक लागत नाही, त्याच्या आउटपुटवर डीसी अडवणारा कपॅसिटर लागत नाही आणि पूर्ण पातळीला ते २.१ व्होल्ट देते. राझबेरी पाय या छोट्या संगणकाच्या चाळीस पिनांच्या पट्टीवरील १२ क्रमांकाच्या पिनेतून बिट क्लॉक, ३५ मधून डावे-उजवे क्लॉक आणि ४० मधून डेटा येतो. या तीन तारांसोबत ग्राउंडची तार लगत न्यावी आणि सर्व तारा बोटभर लांबीच्याच ठेवाव्यात. मॉड्यूल मुके राहिले, तर चिपला दोष देण्यापूर्वी दोन गोष्टी भिंगाखाली पाहाव्यात. बाहेरचे मास्टर क्लॉक नसेल, तर एससीके ही पिन ग्राउंडला जोडलेली हवी. अनेक मॉड्यूलवर त्यासाठी सोल्डरचा थेंब टाकायची जागा रिकामीच सोडलेली असते. तसेच एक्सएसएमटी ही पिन ३.३ व्होल्टला जोडलेली नसेल, तर चिप म्यूट अवस्थेत राहते.

प्रश्न : आमचे घर जुन्या वाड्यात आहे. डॅकसाठी सहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, डायोड ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५ रेग्युलेटर असा पॉवर सप्लाय मी केला आहे; सर्व बोर्ड मिळून सुमारे १०० मिलिॲम्पियर घेतात. दुपारी सर्व काही शांत असते, परंतु संध्याकाळी सातनंतर स्पीकरमधून गुणगुण येऊ लागते. घराला अर्थिंग नीट नाही म्हणून हे होते, असे एकाने सांगितले. ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून पाहावी का? (जुने नाशिक)

उत्तर : पिन काढू नये. धातूच्या पेटीतील ॲम्प्लिफायरची अर्थ तोडून गुणगुण थांबवणे म्हणजे पेटीला २३० व्होल्ट चिकटण्याची वाट पाहणे होय. वाड्यातील अर्थिंग खरोखर खराब असेल, तर ते वायरमनकडून आधी दुरुस्त करून घ्यावे. ते काम डॅकसाठी नव्हे, घरातल्या माणसांसाठी आहे.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती ‘संध्याकाळी सातनंतर’ ही आहे. अर्थिंगचा दोष घड्याळ पाहून येत नाही, विजेचा दाब (व्होल्टेज) मात्र संध्याकाळी घराघरांतले दिवे, टीव्ही आणि पाण्याचे पंप चालू झाले की उतरतो. आता ढोबळ हिशेब करू. सहा व्होल्टच्या वळणाचे शिखर साडेआठ व्होल्टचे असते. ब्रिजमधील दोन डायोडांनी १.४ व्होल्ट खाल्ले, की ७.१ उरतात. १०० मिलिॲम्पियरच्या भाराला १००० मायक्रोफॅरडवर सुमारे एक व्होल्टचा रिपल, म्हणजे दाबाचा चढउतार, पडतो, म्हणजे दर अर्ध्या चक्रात दाब ६.१ व्होल्टपर्यंत उतरतो. ७८०५ ला पाच व्होल्ट नीट देण्यासाठी आत निदान सात व्होल्ट हवे असतात. म्हणजे आपला सप्लाय दुपारीही काठावरच चालतो आहे. लहान ट्रान्सफॉर्मर हलक्या भाराला थोडा जास्त दाब देतो म्हणून तो तेव्हा निभावतो. संध्याकाळी मेन्स, म्हणजे घरी येणारी वीज, २०० व्होल्टवर आले, की रिपल वजा करण्यापूर्वीच शिखर सहा व्होल्टच्या आसपास येते, रेग्युलेटर हात टेकतो आणि रिपल थेट डॅककडे जातो.

याची खातरजमा सोपी आहे. रेक्टिफायरनंतरचा रिपल १०० हर्ट्झचा असतो, तर दोन उपकरणांच्या अर्थ-जोडण्यांनी पुरे होणाऱ्या वेटोळ्यातून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून शिरणारी गुणगुण मुख्यतः ५० हर्ट्झची असते. संगणकावर हे दोन्ही स्वर तयार करून हेडफोनवर ऐकावेत आणि स्पीकरमधील गुणगुणीशी ताडून पाहावेत. एका सप्तकाचा फरक असल्यामुळे कान सहसा फसत नाही. स्वर १०० हर्ट्झचा निघाला, तर नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवावा. मेन्स २०० व्होल्टवर असतानाही त्यातून रिपल वजा जाता साडेआठ व्होल्टच्या वर दाब उरतो. रेग्युलेटरमध्ये वाया जाणारी शक्ती वाढून सुमारे ०.६ वॉट होईल, म्हणून त्याला ॲल्युमिनियमची लहानशी पट्टी लावावी. नुसता कपॅसिटर वाढवून भागेल असे वाटेल. ४७०० मायक्रोफॅरडने रिपल ०.२ व्होल्टवर येतो हे खरे, परंतु शिखरच सहा व्होल्टवर आल्यावर कपॅसिटर काय करणार?

स्वर ५० हर्ट्झचा असेल, तर डॅकला जोडलेला लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. गुणगुण थांबली, तर वेटोळे चार्जरच्या अर्थमधून पुरे होत होते. अशा वेळी संगणक आणि डॅक यांच्यामध्ये ऑप्टिकल केबल टाकणे हा स्वच्छ उपाय आहे, कारण काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही. दोन पिनांचा मोबाइल चार्जर डॅकच्या सप्लायसाठी वापरणाऱ्यांनाही येथेच सांगतो, की त्याच्या आत मेन्सच्या बाजूपासून आउटपुटपर्यंत एक लहान कपॅसिटर असतो आणि त्यातून सतत अगदी थोडा प्रवाह झिरपतो. तो धोकादायक नसला, तरी ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहत गेला म्हणजे कर्कश भुणभुण ऐकू येते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. पीसीएम ५१०२ए आणि राझबेरी पाय जोडून बांधलेला डॅक व्यवस्थित वाजतो, परंतु तो ‘बरोबर’ आहे हे कसे ठरवावे? माझ्याकडे लॅपटॉप, साधा पिवळा मल्टिमीटर आणि लाइन इन असलेले यूएसबी साउंड कार्ड आहे. वर्गमित्राने आलेख काढून दाखवला, त्यात तळाची रेषा उणे १४० डेसिबलला होती. म्हणजे माझ्या डॅकचा सिग्नल-टू-नॉइज रेशो १४० डेसिबल आहे का? (कॉलेज रोड)

उत्तर : नाही. उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसारच या चिपचा हा आकडा, म्हणजे संकेत आणि त्यातला खळखळाट (नॉइज) यांच्यातले अंतर, ११२ डेसिबल आहे. आपला वर्गमित्र खोटे बोलत नाही, आलेख मात्र अर्धेच सांगतो. एफएफटीमध्ये, म्हणजे संकेत वारंवारतांनुसार वेगळा करणाऱ्या गणितात, हा खळखळाट हजारो अरुंद कप्प्यांत वाटला जातो. ६५,५३६ नमुन्यांच्या एफएफटीत असे ३२,७६८ कप्पे होतात आणि प्रत्येक कप्प्याच्या वाट्याला एकूण खळखळाटापेक्षा सुमारे ४५ डेसिबल कमी पातळी येते. म्हणजे तळाची रेषा उणे १४० ला दिसली, तर एकूण खळखळाट उणे ९५ च्या आसपास आहे; विंडोच्या, म्हणजे नमुन्यांच्या तुकड्याची टोके विरवण्याच्या पद्धतीच्या, निवडीने त्यात एक-दोन डेसिबल इकडेतिकडे होतील. नमुन्यांची संख्या दुप्पट करावी, रेषा आणखी तीन डेसिबल खाली जाईल आणि डॅक तसूभरही सुधारलेला नसेल. म्हणून आलेखाची रेषा वाचू नये. सर्व कप्प्यांची बेरीज करून सॉफ्टवेअर जो एकच आकडा देते, तो वाचावा. रूम ईक्यू विझार्ड हे विनामूल्य सॉफ्टवेअर हा आकडा देते.

त्याहून महत्त्वाचे असे, की उणे ९५ हा आकडा डॅकचा आहे की साउंड कार्डाचा, हे अजून ठरलेलेच नाही. डॅकला हात लावण्यापूर्वी कार्डाचे स्वतःचे लाइन आउट त्याच्याच लाइन इनला जोडून तीच चाचणी घ्यावी आणि तो आलेख जपून ठेवावा. डॅकचा आलेख त्याच्यावर तंतोतंत बसला, तर आपण कार्ड मोजले आहे आणि डॅकविषयी एवढेच म्हणता येईल, की तो बहुधा त्याहून वाईट नाही. घरगुती चाचणीत सर्वाधिक फसगत येथेच होते. चिप बदलली, रेग्युलेटर बदलला, महागडे कपॅसिटर लावले, तरी आकडा हलत नाही, कारण आकडा मुळात त्या वस्तूंचा नसतोच. लाइन इनच्या जागी मायक्रोफोनचे छिद्र वापरू नये. तेथे मायक्रोफोनसाठी दिलेला दाब असतो आणि २.१ व्होल्टच्या संकेताने ते हमखास ओसंडते. लाइन इनही दोन व्होल्टला पुरे पडत नसेल, तर मध्ये दहा-दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर टाकून संकेत निम्मा करावा.

कार्डाच्या मर्यादेपलीकडे पाहायचे असेल, तर एक नॉच फिल्टर बांधावा. ट्विन-टी पद्धतीच्या फिल्टरसाठी १६ किलोओहमचे चार रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचे चार कपॅसिटर पुरतात. मधल्या फांद्यांना लागणारा ८ किलोओहम दोन रेझिस्टर समांतर जोडून मिळतो, २० नॅनोफॅरडही तसाच मिळतो. हा फिल्टर ९९५ हर्ट्झच्या आसपासचा स्वर जवळजवळ पुसून टाकतो आणि बाकीचे पुढे जाऊ देतो, त्यामुळे मूळ स्वराचा भार कार्डावर पडत नाही आणि त्याची संवेदनशीलता वाढवून केवळ विकृती पाहता येते. सुट्या भागांमुळे नॉच नेमका ९९५ वर पडणार नाही. जुन्या काळी त्यासाठी पोटेन्शिओमीटर फिरवत बसावे लागे. आपला स्वर डिजिटल आहे, तेव्हा फिल्टर जागच्या जागी ठेवून स्वराचीच वारंवारता हर्ट्झच्या अंशांनी सरकवावी आणि सर्वांत खोल जागा शोधावी. हा फिल्टर दुसऱ्या हार्मोनिकलाही, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेलाही, सुमारे ९ आणि तिसऱ्याला ५ डेसिबल दाबतो; तेवढे वाचलेल्या आकड्यात मिळवावेत. फिल्टरनंतर टीएल ०७२ सारख्या ऑप-ॲम्पचा (संकेत वाढवणाऱ्या किंवा पुढे पोचवणाऱ्या चिपचा) बफर ठेवावा, कारण कार्डाच्या इनपुटचा भार थेट पडला तर हे आकडे बदलतात. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे किंवा एनपीओ जातीचे सिरॅमिक घ्यावेत. साधे जास्त क्षमतेचे सिरॅमिक कपॅसिटर स्वतःच विकृती निर्माण करतात आणि मग त्यांचाच आलेख आपण डॅकच्या नावावर मांडतो. या चिपसाठी पूर्ण पातळीला विकृती आणि खळखळाट मिळून उणे ९३ डेसिबल असा उत्पादकाचा आकडा आहे. आपल्याला उणे ८८ किंवा ९० मिळाले, तर बांधणी चांगली झाली असे समजावे.

मल्टिमीटरचे काम यात लहान आहे. शांततेची फाइल वाजवत ठेवून दोन्ही आउटपुट डीसी २०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यावर मोजावेत. एक-दोन मिलिव्होल्ट ठीक, दहा-वीस दिसले तर सोल्डरिंग तपासावे. एसी मोजण्यासाठी मात्र आपला पिवळा मीटर उपयोगाचा नाही, कारण त्याचा सर्वांत लहान एसी पट्टा २०० व्होल्टचा असतो आणि दोन व्होल्टचे त्याचे वाचन विश्वसनीय नसते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील चांगला मीटर मिळाल्यास ५० हर्ट्झच्या पूर्ण पातळीच्या स्वरावर २.१ व्होल्ट आणि डाव्या-उजव्यात समानता आहे का, ते पाहावे. पुष्कळ मीटर ५० हर्ट्झसाठीच जुळवलेले असतात. त्यांना १ किलोहर्ट्झवर परीक्षेला बसवणे बरे नव्हे. आणि ही सर्व मोजमापे घेताना प्लेअरमधील ध्वनिपातळी शंभर टक्के असावी व मध्ये कोठेही नमुन्यांचा वेग बदलला जात नसावा, एवढे आधी पाहून घ्यावे.

प्रश्न : जिटर कमी करण्यासाठी तापमान-नियंत्रित महाग ऑसिलेटर घ्यावा असा सल्ला मिळाला आहे. पैसे सार्थकी लागतील का? (इंदिरानगर)

उत्तर : बहुधा नाही, कारण विक्रेते ज्या अचूकतेची जाहिरात करतात, ती येथे लागणारी अचूकता नव्हे. एखादा तबलजी पूर्ण मैफलभर लय केसभर चढी ठेवूनही ठेका अगदी समान देतो, तर दुसऱ्याची सरासरी लय बिनचूक असूनही मात्रा पुढेमागे पडतात; डॅकला पहिला चालतो, दुसरा नाही. साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत पन्नास भागांची चूक असली, तर एक तासाची मैफल ०.१८ सेकंद लवकर किंवा उशिरा संपेल, आणि ते कोणालाही कळणार नाही. जिटर म्हणजे मात्रांचे पुढेमागे पडणे. १० किलोहर्ट्झच्या पूर्ण पातळीच्या स्वराला एक नॅनोसेकंदाचा जिटर असेल, तर त्यातून उणे ८४ डेसिबल पातळीची चूक निर्माण होते. सोळा बिटांच्या सुमारे ९८ डेसिबलच्या तात्त्विक मर्यादेशी ती ताडून पाहावी.

राझबेरी पाय वापरणाऱ्यांना येथे खरी अडचण आहे. ४४.१ किलोहर्ट्झसाठी चौसष्टपट, म्हणजे २.८२२४ मेगाहर्ट्झचे बिट क्लॉक लागते आणि पायच्या आतील घड्याळाला त्याने निःशेष भाग जात नाही, म्हणून कधी लहान तर कधी मोठ्या संख्येने भागून सरासरी साधली जाते. डॅक चिपमधील पीएलएल, म्हणजे घड्याळाचा ताल सावरणारा भाग, त्यातला काही खडबडीतपणा घासून काढतो, सगळा नाही. यावर उपाय म्हणजे २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे दोन साधे ऑसिलेटर असलेला आणि पायला आपल्या तालावर चालवणारा डॅक बोर्ड. महाग ऑसिलेटर दूर कोपऱ्यात ठेवून वीतभर तारेने चिपपर्यंत आणण्यापेक्षा हे साधे ऑसिलेटर चिपच्या शेजारी असणे श्रेयस्कर आहे. फरक पाहायचा असेल, तर ज्युलियन डन या अभियंत्याने सुचवलेली जे-टेस्ट वाजवावी. त्यात ११,०२५ हर्ट्झचा स्वर आणि सर्वांत खालच्या बिटाचा सुमारे २३० हर्ट्झचा चौकोनी तरंग असतो. मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर उगवलेल्या काड्या हे जिटरचे लक्षण. मात्र सोळा बिटांच्या फाइलमध्ये त्या चौकोनी तरंगाच्या स्वतःच्या बारीक काड्याही दिसतात, त्या डॅकच्या माथी मारू नयेत.

प्रश्न : फिल्टर नसलेल्या आणि ओव्हरसॅम्पलिंग (नमुन्यांचा वेग वाढवणे) न करणाऱ्या डॅकचा आवाज अधिक गोड असतो, असे माझे थोरले बंधू म्हणतात. हे खरे आहे का? (नाशिकरोड)

उत्तर : आपल्या बंधूंना फरक ऐकू येत असणे अगदी शक्य आहे. प्रत्येक नमुना पुढील नमुन्यापर्यंत जसाच्या तसा धरून ठेवल्यामुळे ४४.१ किलोहर्ट्झच्या संकेतात २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डेसिबलची घट होते, म्हणजे आवाजाची धार थोडी बोथट होते. शिवाय २० किलोहर्ट्झच्या स्वराची प्रतिमा २४.१ किलोहर्ट्झला उमटते आणि ती ॲम्प्लिफायरकडे जाते. गोडवा आवडत असेल तर ट्रेबलची कळ किंचित उतरवावी. त्यासाठी फिल्टर काढून टाकण्याची गरज नाही.

प्रश्न : करंट आउटपुट देणाऱ्या डॅकपुढे मी एनई ५५३२ ऐवजी खूप वेगवान आणि महाग ऑप-ॲम्प सॉकेटमध्ये बसवला. मला आवाज खुललेला वाटतो, पत्नीला काही फरक जाणवत नाही. कोणाचे खरे मानावे? (देवळाली कॅम्प)

उत्तर : निवाडा देण्यापूर्वी नव्या ऑप-ॲम्पच्या पाठीवर बोट ठेवावे. शांत असतानाही तो बोट ठेववणार नाही इतका तापत असेल, तर तो बहुधा मेगाहर्ट्झमध्ये दोलन करतो आहे. ते कानाला ऐकू येत नाही, परंतु ऐकू येणाऱ्या भागात विकृती मात्र सांडते. जुन्या ५५३२ साठी आखलेल्या बोर्डावर सॉकेटच्या पिना लांब असतात आणि सप्लायचे कपॅसिटर दूर असतात. वेगवान ऑप-ॲम्पला ते मानवत नाही. सॉकेटच्या खाली, सप्लायच्या पिनांना अगदी खेटून ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावावेत आणि ऑसिलोस्कोप मिळत असेल तर आउटपुट पाहून घ्यावे. ५५३२ हा १९७० च्या दशकाच्या अखेरचा असला, तरी त्याचा खळखळाट दर वर्गमूळ हर्ट्झला पाच नॅनोव्होल्ट इतका कमी आहे आणि माझ्या मते घरगुती डॅकमध्ये तो बदलण्याचे कारण क्वचितच असते.

त्यानंतर दोघांनी डोळ्यांआडची परीक्षा द्यावी. दोन सारखे बोर्ड, दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे दोन व्होल्टवर सुमारे तेवीस मिलिव्होल्टच्या आत जुळवलेली, आणि कोणता बोर्ड चालू आहे हे फक्त तिसऱ्याला माहीत. पातळी जुळवल्याशिवाय परीक्षा घेऊ नये, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘खुललेला’ वाटतो. सोळा फेऱ्यांत बारा किंवा अधिक वेळा बरोबर ओळखता आले, तर ते केवळ नशिबाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. ऐकण्यासाठी दणदणीत वाद्यवृंद निवडण्यापेक्षा नुसता तानपुरा निवडावा. जवारीमुळे त्यात हार्मोनिक भरपूर असतात आणि तार विरत जाताना बारीक दोष उघडे पडतात.

प्रश्न : आमच्या ढोल पथकाच्या ध्वनिमुद्रणाची फाइल घरच्या डॅकवर लावली, की टोल जोरात पडतो तेथे चरचर येते. तीच फाइल मोबाइलवर ठीक वाटते. डॅक सदोष आहे का? (पंचवटी)

उत्तर : तीन शक्यता आहेत आणि त्या एकाच कळीने वेगळ्या करता येतात. नाशिक ढोलाच्या मुद्रणात आवाज बहुधा कमाल मर्यादेला टेकेपर्यंत चढवलेला असतो. अशा फाइलमध्ये एकही नमुना मर्यादा ओलांडत नाही, तरी दोन नमुन्यांच्या मधून जाणारा खरा तरंग ती ओलांडू शकतो; कमाल, कमाल, उणे कमाल, उणे कमाल असे नमुने ओळीने आले, तर त्यांच्यातून जाणाऱ्या तरंगाचे शिखर तीन डेसिबल वर असते. डॅकमधील डिजिटल फिल्टरला तेवढी जागा ठेवलेली नसेल, तर शिखर तेथेच छाटले जाते. मोबाइलवर आवाज सहसा पूर्ण पातळीच्या खाली ठेवलेला असतो, म्हणून तेथे ते जाणवत नसावे.

प्लेअरमधील डिजिटल पातळी चार डेसिबल उतरवावी आणि ॲम्प्लिफायरची कळ तेवढीच चढवावी. चरचर गेली, तर कारण हेच होते. पातळी कायम तेथेच ठेवावी, चोवीस बिटांच्या डॅकमध्ये त्याने काही हरवत नाही. चार डेसिबलने फरक पडला नाही परंतु बारा-पंधरा डेसिबल उतरवल्यावर चरचर थांबली, तर डॅकचे २.१ व्होल्ट आपल्या ॲम्प्लिफायरच्या इनपुटला झेपत नाहीत. जुन्या ॲम्प्लिफायरांचे ऑक्झिलरी इनपुट याच्या दशांश पातळीसाठी आखलेले असे. तेथे डिजिटल पातळी पूर्ववत करून डॅकच्या आउटपुटवर १० किलोओहम आणि २.२ किलोओहमचा विभाजक बसवावा. आणि पातळी कितीही उतरवली तरी चरचर त्याच टोलांवर तशीच राहिली, तर ती मुद्रणातच छाटली गेली आहे. अशा वेळी पथकाने मिक्सिंग करणाऱ्याकडून शेवटचा लिमिटर (आवाज कमाल मर्यादेला दाबून धरणारी प्रक्रिया) न लावलेली प्रत मागून घ्यावी.